सासूबाईंच्या वहीतली खोकल्याची औषधं : कुठली ठेवू, कुठली सोडू?

चाफेकळी

नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे, पण अर्धवट सांगितलं तर उत्तरही अर्धवटच मिळेल, म्हणून सगळंच लिहिते.

सासूबाई जाऊन आठ महिने झाले. घरात कुणी शिंकलं की आम्ही आधी त्यांच्या तोंडाकडे बघायचो. परवा कपाट आवरताना त्यांची वही सापडली. निळ्या शाईतली, शेवटची काही पानं पेन्सिलीने लिहिलेली. त्यात सर्दी-खोकल्याची तीन पानं वेगळी आहेत. अक्षर मोत्यासारखं, पण मापं जवळपास कुठेच नाहीत. "थोडं", "चिमूटभर", "अंदाजाने" एवढंच. त्यांचा अंदाज त्यांच्याबरोबर गेला.

आता घरात तिघं आजारी. धाकटी सात महिन्यांची. नाक चोंदलंय, दोन घोट दूध पिते, सोडते, रडते. मोठा साडेपाच वर्षांचा, त्याला कफाचा खोकला, आडवा झाला की जास्त. आणि सासरे, वय ७१, बीपी आणि शुगर दोन्ही. त्यांना तीन महिन्यांपासून कोरडी ढास लागते. कफ नाही, ताप नाही. घशात कुसळ अडकल्यासारखं होतं म्हणतात, बोलता बोलता सुरू होते ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत थांबत नाही.

वहीतलं जसंच्या तसं उतरवते: अडुळशाचा रस मधातून. ज्येष्ठमध काडी तोंडात धरणे, अथवा काढा तीन-चार वेळा. सितोपलादि चाटण. ओव्याची पुरचुंडी छातीस. तेलात कापूर गरम करून छाती-पाठीस, बाळासही. निलगिरीचे थेंब टाकून वाफारा. सुंठ, तुळस, मिरी यांचा काढा. बाळास मधाचे बोट.

या शेवटच्या ओळीखाली दोनदा रेघ मारली आहे. म्हणजे त्यांचा त्यावर किती विश्वास होता बघा.

सासरे ढास लागल्यापासून ज्येष्ठमध घेतातच. सकाळी काढा, संध्याकाळी काढा आणि दिवसभर काडी गालात. आता वही सापडल्यावर "तिच्या हातचं नसलं तरी तिनं लिहिलेलं आहे" असं म्हणतात, मग मला पुढे काही बोलवत नाही.

मला ही वही फडताळात नुसती जपून ठेवायची नाही, वापरायची आहे. पण बाळावर प्रयोगही करायचा नाही. ज्यांनी ही औषधं खरोखर वापरली आहेत त्यांनी कृपया सांगा.

गवताचं_पातं

बाकीचं जाणकार सांगतील. मी फक्त अडुळशाबद्दल सांगतो, कारण गेली कित्येक वर्षं मी तो लावतोय आणि दर थंडीत घरच्यांसाठी रस काढतोय.

पानं अगदी कोवळी नकोत, पिवळट झालेलीही नकोत. फांदीच्या मधली, गर्द हिरवी, हाताच्या लांबीची घ्या. धुवा आणि फडक्याने कोरडी पुसा. कच्ची पानं कितीही कुटली तरी रस सुटत नाही, नुसता चोथा होतो. सुरुवातीला मी दोन-तीनदा असाच फसलो. पानं कोरड्या तव्यावर मंद आंचेवर ठेवायची. आधी काहीच होत नाही. मग कडा मऊ पडतात, रंग काळपट हिरवा होतो आणि उग्र, ओलसर वास सुटतो. पान उचललं की कापडासारखं लोंबलं पाहिजे. करपू द्यायचं नाही. गरम आहे तोवरच कुटून फडक्यातून पिळायचं. सहा-सात पानं घेतली तरी जेमतेम चमचाभर रस पडतो. दाट, काळसर हिरवा. जुनी पुटपाकाची रीत हीच, फक्त त्यात पानांचा गोळा पानांत गुंडाळून, वर माती लिंपून निखाऱ्यात भाजायचे.

कडू इतका की मध घालूनही जिभेच्या मुळाशी बराच वेळ राहतो. आम्ही मोठी माणसं दोन छोटे चमचे रस तेवढ्याच मधातून घेतो, सकाळी आणि रात्री, तीन-चार दिवस. चिकटलेला कफ त्याने सुटतो हा माझा अनुभव आहे. लहान मुलाला किती द्यायचा ते मी सांगणार नाही, कारण मी कधी दिलेला नाही.

एक मात्र कळकळीने सांगतो. झाड नक्की ओळखता येत असेल तरच पानं तोडा. फुलं आल्यावर ओळख पटते. पांढरी, ओठासारखी दुभंगलेली, खालच्या पाकळीवर जांभळट रेघा. नुसत्या पानांवरून ओळखण्याचा आत्मविश्वास पहिल्या वर्षी ठेवू नका.

आकाशनिळी

चाफेकळी, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मी २९ वर्षं रुग्णालयात फार्मासिस्ट होते, आता निवृत्त आहे. पण तुमच्या प्रश्नाने मला माझे आजोबा आठवले. म्हणून आधी त्यांचं सांगते, मग एकेका औषधाकडे येते.

आजोबा वैद्य नव्हते. झाडपाल्याचं औषध द्यायचे, पैसे घ्यायचे नाहीत. मी चौदा वर्षांची असताना त्यांच्याजवळ बसून त्यांची औषधं एका वहीत उतरवून घेतली. फार आनंदाने घेतली. ती वही आजही आहे. आज उघडते तेव्हा लक्षात येतं, की मी औषधं लिहिली आणि त्यांचे प्रश्न लिहिले नाहीत. ते डब्याला हात लावायच्या आधी समोरच्याला विचारत राहायचे. किती दिवस झाले? रात्री जास्त की पहाटे? कफ पडतो का, कसा पडतो? जिन्याने धाप लागते का? बाई असेल तर दिवस गेलेत का? दुसरं कुणाचं औषध चालू आहे का? कितीतरी जणांना ते काहीच न देता डॉक्टरांकडे धाडायचे. मला तेव्हा वाटायचं, हा वेळ फुकट चाललाय, औषध कधी सांगणार? तुमच्या सासूबाईंच्या वहीचंही तेच झालंय. काय द्यायचं ते कागदावर उतरलं. कुणाला द्यायचं नाही, ते त्यांच्या मनात राहिलं.

आता वही.

बाळाला मध अजिबात नको. दोन रेघा असल्या तरी नको. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचे बीजाणू असू शकतात. तुमच्या-माझ्या पोटात ते रुजत नाहीत. वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते रुजतात, वाढतात आणि तिथेच विष तयार करतात. मध चांगल्या जागचा आहे, घरच्या पोळ्याचा आहे, उकळून घेतलाय, याने काही फरक पडत नाही. घरच्या उकळण्याने हे बीजाणू मरत नाहीत. हा आजार वेगळा म्हणून ओळखला गेला तोच मुळी १९७६ मध्ये. त्याआधीच्या पिढ्यांना हे माहीत असायचं कारणच नव्हतं, तेव्हा सासूबाईंना दोष देऊ नका. बहुतेक बाळांना काही होत नाही, म्हणून ती रीत टिकली. ज्याला होतं त्याला आधी बद्धकोष्ठ होतं, मग दूध ओढण्याची ताकद जाते, रडणं क्षीण होतं, पापण्या जड होतात, मान लुळी पडते, पुढे श्वास. आधीच बोट चाटवलं असेल तर घाबरू नका, पण पुढचे काही आठवडे या खुणांवर लक्ष ठेवा आणि एक जरी दिसली तरी ताबडतोब दवाखाना गाठा.

कापराचं तेलही बाळाला नको. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला कापूर, मेंथॉल, निलगिरी असलेलं काहीही छातीला, नाकाला लावायचं नाही. त्यांची श्वासनलिका अरुंद असते. तिखट वासाने आतून सूज आणि चिकटा वाढतो, कधी श्वास क्षणभर अडकतो. कापूर कातडीतूनही शोषला जातो. आणि पोटात गेला तर काही मिनिटांत झटके येऊ शकतात. एक ग्रॅमच्या आसपास कापूर लहान मुलाचा जीव घेऊ शकतो, म्हणजे दोन-चार वड्यासुद्धा लागत नाहीत. म्हणून कापराची डबी आणि निलगिरीची बाटली मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवा. तेलात कापूर घालून विस्तवावर ठेवणं हा तर पेट घेण्याचाच प्रकार आहे.

मग बाळासाठी काय? नाक मोकळं करणं, एवढंच तिला हवंय. औषधाच्या दुकानात मिठाच्या पाण्याचे तयार थेंब मिळतात, ०.९ टक्क्यांचे. दूध पाजायच्या दहा मिनिटं आधी एकेका नाकपुडीत एक-दोन थेंब. पाजणं थोडं थोडं आणि वारंवार. आणि शांत झोपलेली असताना घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट तिचा श्वास मोजा. दोन महिने ते एक वर्ष या वयात मिनिटाला ५० किंवा त्याहून जास्त श्वास, किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडणं, दूध पूर्ण तोडणं, ओठ निळसर दिसणं, यातलं काहीही असेल तर सकाळची वाट बघू नका.

मोठ्याला मध जरूर द्या. वहीतली ही गोष्ट नव्या कसोटीलाही उतरली आहे. २००७ मध्ये अमेरिकेत १०५ मुलांवर आणि २०१२ मध्ये इस्राएलमध्ये एक ते पाच वर्षांच्या ३०० मुलांवर हे तपासलं गेलं. झोपायच्या अर्धा तास आधी मध दिलेल्या मुलांचा रात्रीचा खोकला इतरांपेक्षा कमी झाला. दुसऱ्या अभ्यासात १० ग्रॅम दिला होता, म्हणजे साधारण दीड छोटा चमचा. नुसता चाटवा, मग दात घासायला लावा. त्याचा खोकला आठ दिवसांत गेला नाही म्हणून धीर सोडू नका. साध्या सर्दीमागचा खोकला सरासरी अडीच आठवडे रेंगाळतो; दोन आठवड्यांच्या वर गेला तर मात्र डॉक्टरांकडून तपासून घ्या. लोकांना वाटतं आठवड्यात जावा, म्हणून आठव्या दिवशी अँटिबायोटिक मागायला येतात. माझ्या खिडकीसमोर हे वर्षानुवर्षं घडताना पाहिलंय. सर्दी विषाणूंची असते, त्यावर ती गोळी काही करत नाही.

अडुळसा खरा गुणी आहे. त्यातल्या व्हॅसिसिन या द्रव्यावरूनच ब्रोमहेक्सिन तयार झालं आणि अँब्रोक्सॉल हे त्याचंच पुढचं रूप. आज कफ पातळ करण्याच्या किती सिरपांवर ही नावं दिसतात! म्हणून मुलाला डॉक्टरांनी असलं सिरप दिलं असेल तर वर अडुळसा नको, एकाच कामाला दोन औषधं होतील. आणि ज्यांना दिवस गेलेत त्यांनी अडुळसा पूर्ण टाळा, गर्भाशयावर त्याचा परिणाम होतो. आजोबांचा तो प्रश्न यासाठी होता, हे मला फार्मसी शिकताना कळलं.

सितोपलादि ऐकायला साधं आहे, पण त्याची मापं माहीत असू द्या. खडीसाखर १६ भाग, वंशलोचन ८, पिंपळी ४, वेलदोडा २, दालचिनी १. दर वेळी निम्मं. म्हणजे अर्ध्याहून जास्त साखरच, आणि वर मध. सासऱ्यांना शुगर आहे, त्यांना हे चाटण नको.

ओव्याची पुरचुंडी ठेवा. ओव्यात थायमॉल असतं, वास बरा वाटतो, शेक बरा वाटतो. मोठ्या मुलाला द्यायची तर आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला दहा आकडे मोजेपर्यंत धरून बघा. सुंठ-तुळशीचा काढा मोठ्यांनी प्यावा, कोमट झाल्यावर. त्याने आजार लवकर जातो असं मी म्हणणार नाही, घसा मात्र शेकून निघतो. मिरी बेताने, नाहीतर खोकल्याच्या जोडीला जळजळ.

वाफाऱ्याबद्दल मला शांतपणे लिहिता येत नाही. माझा धाकटा भाऊ चार वर्षांचा होता. पातेलं स्टुलावर, डोक्यावरून चादर, आणि धरून बसले होते मी. त्याला आत गुदमरलं, त्याने पाय झाडला आणि पातेलं त्याच्या मांडीवर आलं. आज तो पन्नाशीचा आहे, कातडी अजून तिथे चुणीदार आहे. वाफेने सर्दी लवकर बरी होते असं तपासणीत दिसलेलं नाही, तात्पुरतं मोकळं वाटतं इतकंच. मुलांना उकळत्या पाण्याजवळ बसवू नका. मोठ्यांनी घ्यायची तर भांडं टेबलावर पक्कं ठेवून घ्या.

ज्येष्ठमध मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण मला सर्वांत काळजी त्याचीच वाटते. सासऱ्यांचं ज्येष्ठमध आजच थांबवा. आणि मला दोन गोष्टी सांगा. बीपीची कुठली गोळी चालू आहे, नाव पाकिटावरून बघून लिहा. आणि ती कधी सुरू झाली?

सुंठसाखर

आकाशनिळीताई, तुमचा आदर ठेवून सांगते, मला हे वाचून वाईट वाटलं. आमच्या घरात चार पिढ्या बाळाला मधाचं बोट दिलं गेलं, मलाही दिलं, माझ्या मुलांनाही. सगळी ठणठणीत आहेत. आपल्या बायकांनी इतकी वर्षं सांभाळलेलं असं एका फटक्यात चूक म्हणायचं का?

आकाशनिळी

सुंठसाखर, चूक त्यांची नव्हतीच. त्यांच्याकडे जेवढी माहिती होती, त्यात त्यांनी जिवापाड केलं. तुमच्या घरची मुलं ठणठणीत आहेत याचा मला आनंदच आहे. पण ज्या घरातलं बाळ चार दिवसांत लुळं पडून गेलं, त्या घराला तेव्हा मधाचा संशयही आला नसेल. ते दुसऱ्या कशावर तरी गेलं. त्यांचा अनुभव आपल्यापर्यंत पोचलाच नाही, तुमच्या-माझ्या घरचा पोचला. बाळ वर्षाचं झालं की द्या की मध, खुशाल द्या. थांबायचं आहे ते फक्त पहिल्या वाढदिवसापर्यंत.

चाफेकळी

बाळाचे श्वास मोजले, झोपेत ३८ भरले. थेंब आणलेत, घातल्यावर आत्ताच सलग पाच-सात मिनिटं प्यायली. मध अजून दिला नव्हता, आज संध्याकाळी देणार होते. हे लिहिताना अजून हात थरथरतोय.

सासऱ्यांच्या पाकिटावर रॅमिप्रिल ५ मिलिग्रॅम असं आहे. आधी दुसरी गोळी होती, ही साडेतीन महिन्यांपूर्वी बदलून दिली. त्याचा खोकल्याशी काय संबंध? ज्येष्ठमध थांबवा म्हटल्यावर ते नाराज झालेत. त्याने घशाला जरा तरी आराम पडतो, तेही काढून घेतेस का, म्हणाले. गेल्या आठवड्यात घरच्या मशीनवर बीपी १६८/९६ आलं होतं. आम्हाला वाटलं मशीनच बिघडलंय.

आकाशनिळी

मशीन बिघडलं असेल असं वाटत नाही.

आधी गोळीचं. ज्या गोळ्यांच्या नावाच्या शेवटी "प्रिल" येतं, रॅमिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, त्या ज्या एन्झाइमला अडवून बीपी उतरवतात, तेच एन्झाइम शरीरातलं ब्रॅडिकायनिन नावाचं द्रव्य मोडत असतं. त्याला अडवलं की ब्रॅडिकायनिन श्वासमार्गात साठतं आणि खोकल्याच्या नसा हुळहुळत राहतात. कोरडी, कुसळ टोचल्यासारखी ढास. कफ नाही, ताप नाही. गोळी घेणाऱ्या सगळ्यांना होत नाही, पण बऱ्याच जणांना होते. कुणाला पहिल्या आठवड्यात, कुणाला काही महिन्यांनी. तुम्ही पहिल्याच प्रश्नात केलेलं वर्णन नेमकं असंच होतं, म्हणून मी नाव विचारलं. या खोकल्यावर अडुळसा, सुंठ, मध, बाजारातलं कुठलंही सिरप, काही चालत नाही. कारण घशात नाहीच, ते पाकिटात आहे.

आता ज्येष्ठमध. त्यातल्या ग्लिसिऱ्हायझिनमुळे कॉर्टिसोल हे आपलंच संप्रेरक मूत्रपिंडावर नको तेवढं काम करू लागतं. शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम लघवीतून जातं, बीपी चढतं. चार दिवस काडी चघळल्याने निरोगी माणसाला काही होत नाही. तुमचे सासरे बीपीचे रुग्ण, आणि दोन वेळा काढा, दिवसभर काडी, तेही तीन महिने. पाय सुजलेत का, पोटऱ्यांत गोळे येतात का, गळल्यासारखं वाटतं का, विचारा त्यांना.

म्हणजे गोळीने खोकला आणला असेल आणि खोकल्याच्या औषधाने बीपी चढवलं असेल. दोन्ही शक्यता आहेत, खात्री डॉक्टरच करतील. रॅमिप्रिल स्वतःहून बंद करू नका, एक दिवसही नाही. वहीचं हे पान आणि पाकिटं घेऊन उद्याच जा. ज्येष्ठमध किती दिवस, किती वेळा घेतलं ते न लाजता सांगा. लोक काढा सांगतच नाहीत, त्यांना तो औषधात धरायचा असतो हेच माहीत नसतं. आणि एवढे दिवस चाललेला खोकला आहे तर छातीचा एक्स-रे आणि टीबीची तपासणीही होऊ द्या. दोन आठवड्यांच्या वर गेलेल्या कुठल्याही खोकल्याला ते लागू आहे, कारण सापडल्यासारखं वाटलं तरीही.

घशाला आराम हवाच आहे, तर कोमट पाण्याचे घोट द्या, गुळण्या करू द्या. एखादी लवंग गालात धरली तर चालेल. त्यांना म्हणावं, आईंनी ज्येष्ठमध लिहिलं तेव्हा तुम्हाला ही गोळी चालू नव्हती. त्या असत्या तर त्यांनीच काडी काढून घेतली असती.

गवताचं_पातं

माझ्या वडिलांना "प्रिल"वाली गोळी आहे. खोकत नाहीत, पण मी ज्येष्ठमधाची बरणी त्यांच्या खोलीतून उचलली. धन्यवाद.

चाफेकळी

सहा आठवड्यांनी लिहितेय, उशिराबद्दल माफ करा.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. वहीचं पान त्यांनी स्वतःच्या हातात घेऊन वाचलं, त्याने सासऱ्यांचा निम्मा राग गेला. एक्स-रे स्वच्छ. थुंकी तपासायची म्हटली तर कफच नव्हता, तरी कशीबशी दिली, तीही ठीक. पोटॅशियम अगदी खालच्या काठावर होतं. पायाला सूज होती, मोज्याचा वळ उमटायचा, तो आम्ही वय म्हणून सोडून दिला होता. गोळी बदलून टेल्मिसार्टन दिली. पहिले दहा दिवस काहीच फरक नाही, ते परत काडी मागायला लागले. तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी ते फोनवर अर्धा तास बोलले आणि मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. एकदाही खोकले नाहीत. काल बीपी १३४/८२.

मुलगा रात्री मध मागून घेतो, खोकला गेला तरी. बाळ बरी आहे, आठवड्याभरात नाक वाहायचं थांबलं.

मी वहीत पेन्सिलीने लिहायला सुरुवात केली आहे. मधाच्या ओळीसमोर "एक वर्ष पूर्ण झाल्यावर". ज्येष्ठमधासमोर "बीपीवाल्यांस नाही". अडुळशासमोर "दिवस गेले असता नाही". सासऱ्यांनी बघितलं, काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पेन्सिल नीट टोक करून वहीत ठेवलेली होती.

आता एकच ओळ उरली आहे, शाई पसरल्यामुळे लागत नाही. "बे" नंतर दोन अक्षरं गेली आहेत, पुढे "ची साल तूप लावून भाजून तोंडात धरणे". हे काय असेल?

आकाशनिळी

वाचून डोळे भरून आले. पेन्सिलीचं आजोबांना फार आवडलं असतं.

ते बेहड्याची असणार. त्रिफळ्यातला बेहडा, आपण हिरडा-बेहडा म्हणतो तो. साल म्हणजे झाडाची नव्हे, फळाची, वरचा सुकलेला गर. आख्ख्या फळाला तुपाचा हात लावायचा, मंद विस्तवावर भाजायचं, फुटलं की आतली बी काढून टाकायची, ती घ्यायची नाही. सालीचा हरभऱ्याएवढा तुकडा गालात धरायचा. आधी तुरट लागतो, तोंड आवळतं, मग हळूहळू लाळ सुटते आणि घसा ओला राहतो. चावायचा नाही. लहान मुलांना द्यायचा नाही, घशात अडकेल.

कुणासाठी हवाय? आणि किती दिवस झाले खोकला लागून?